तंजावरचे रुमाल आणि पाठीवरचे दप्तर

मराठी मूल शाळेत जाऊ लागते, तेव्हा एक शब्द त्याच्या पाठीवर चढतो आणि पुढे जन्मभर त्याची सोबत करतो. तो शब्द म्हणजे दप्तर. शाळेत असेपर्यंत दप्तर म्हणजे वह्यापुस्तकांची पिशवी. पुढे नोकरी लागली की दप्तर म्हणजे कचेरीतील कागदपत्रे. आणि एखाद्याला इतिहासाचा नाद लागलाच, तर दप्तर म्हणजे जुन्या राजवटींच्या कागदांचा तो अफाट साठा, ज्यात शिरलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. पिशवी आणि पिशवीतला ऐवज या दोहोंना आपण एकाच नावाने हाक मारतो, आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही.

या शब्दाचा विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर तंजावरात आला, आणि त्याला निमित्त झाला माझा डावा खांदा. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघून मी सकाळी तंजावरच्या स्टेशनात उतरलो. खांद्याला एक लांब पट्ट्याची पिशवी होती. तिच्यात लॅपटॉप, त्याचा चार्जर, दोन वह्या, एक जाडजूड ग्रंथ आणि पाण्याची बाटली. ही पिशवी मी दुकानात केवळ तिचे रूप पाहून घेतली होती. तिच्या अंगावर रेखीव शिवण होती, चकचकीत कड्या होत्या. मात्र सारा भार एकाच खांद्यावर घेऊन चालताना शरीराची काय गत होते, याचा विचार ना करणाऱ्याने केला होता, ना घेणाऱ्याने. बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिराला प्रदक्षिणा घालून मी राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाशी पोहोचलो, तोपर्यंत खांदा बधिर झाला होता आणि मान एका बाजूला कलली होती.

अशा अवस्थेत मी तेथील ताडपत्रांच्या पोथ्यांपुढे उभा राहिलो, आणि ज्ञान वाहून नेण्याची कला आपल्या पूर्वजांना किती नेमकी साधली होती, हे मला प्रथमच जाणवले.

ताडपत्राचे पान अरुंद आणि लांब असते. रुंदी चार बोटांच्या आसपास, लांबी कधी हातभर. पाने उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत करावयाची, लोखंडी लेखणीने त्यांवर अक्षरे कोरावयाची आणि मग काजळी चोळून ती अक्षरे उठवावयाची. एवढ्या खटाटोपाने सिद्ध झालेला ग्रंथ प्रवासात मोडला तर सारेच श्रम वाया. म्हणून पानांना भोक पाडून त्यांतून दोरा ओवीत आणि वर-खाली एकेक लाकडी फळी लावीत. फळी पानांहून किंचित मोठी असे, म्हणजे धक्का बसला तर तो फळीच्या कडेला बसावा, पानाला बसू नये. उरलेला लांब दोरा त्या सगळ्याभोवती गुंडाळून घट्ट बांधला की पोथी तयार. तिला निराळी पेटी लागत नसे. तिचे कवच तिच्या मापाचेच असे, आणि आत पाने हलावयास रेसभर जागा नसे.

पुढे कागद आला. कागदी पोथीनेही ताडपत्राचे आडवे रूप बराच काळ सोडले नाही. पण दरबाराच्या हिशेबांना आणि पत्रव्यवहाराला फळ्या परवडण्यासारख्या नव्हत्या. तेथे कामाला आला रुमाल. आज रुमाल म्हटले की आपल्याला खिशातली घडी आठवते. परंतु मराठेशाहीच्या कारकुनाच्या लेखी रुमाल म्हणजे कागद बांधावयाचे मोठे चौकोनी फडके. ते तिरके पसरावयाचे, मधोमध कागदांची चळत ठेवावयाची, समोरासमोरची दोन टोके तिच्यावर दुमडावयाची आणि उरलेल्या दोन टोकांची गाठ मारावयाची. कागद थोडे असोत वा फार, रुमाल त्यांच्याएवढाच होतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद असे हजारो रुमालांत बांधलेले आहेत, आणि तंजावरच्या भोसल्यांचे मोडी कागदही असेच गठ्ठ्यांनी राहिले. कावेरीच्या काठी, तमिळ मुलखात, १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिलेल्या या राज्याचा दरबार १८५५ पर्यंत मराठीत लिहीत होता, आणि त्याच्या खर्चाच्या, देवस्थानांच्या व आज्ञापत्रांच्या नोंदी मोडीत होत होत्या.

येथे शब्दांकडे पुन्हा वळले पाहिजे. दप्तर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. पण त्याचे मूळ त्याहून दूर, ग्रीक भाषेत आहे, आणि तेथे त्याचा अर्थ कमावलेले कातडे असा होता. कातड्यावर लिहीत, म्हणून कातडे म्हणजे वही. वह्या जेथे ठेवीत ते कार्यालय म्हणजे दप्तर. आणि शेवटी मराठी घरात वह्या जिच्यात भरीत ती पिशवी म्हणजेही दप्तर. खलिता या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. तो मुळात पिशवीचा वाचक. राजेरजवाड्यांची पत्रे किनखाबी थैलीत घालून जात, म्हणून पुढे त्या पत्रालाच खलिता म्हणू लागले. एक शब्द लेखनाकडून पिशवीकडे आला, दुसरा पिशवीकडून लेखनाकडे गेला. लिहिलेले आणि ते वाहून नेणारे वेष्टन यांचे नाते आपल्या भाषेने इतके जवळचे मानले आहे.

या नात्याची खरी पारख असलेला पुरुष तंजावरच्या गादीवर होऊन गेला. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांची सत्ता किल्ल्याच्या आतबाहेर उरली. तलवारीला काम न उरलेल्या या राजाने ग्रंथांचे राज्य उभारले. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांची मोठी भर घातली, युरोपातील छापील पुस्तके आणविली आणि त्यांपैकी पुष्कळांवर स्वतःची सही केली. १८०६ साली त्यांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावळी’ हे मराठी पुस्तक देवनागरी टाइपात निघाले.

याच राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. तो लेख आजही तेथे आहे. पण तो वाचावयाचा तर वाचकाने तंजावरला गेले पाहिजे. भिंत कोणाच्या घरी जात नाही. पुस्तकाचे सामर्थ्य वेगळे. ते जागचे हलू शकते, आणि हलू शकते म्हणूनच त्याला बांधणी लागते. १८२० च्या सुमारास सरफोजीराजे सुमारे तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले. काशीच्या घाटांची चित्रे त्यांनी काढविली आणि तेथून हस्तलिखिते मिळवून तंजावरला आणली. त्या वेळी हिंदुस्थानात आगगाडी नव्हती. ती १८५३ मध्ये आली. काशीहून कावेरीकाठापर्यंतच्या वाटेवर धूळ, पाऊस, वाळवी आणि नद्यांचे उतार होते. ते ग्रंथ आज आपण पाहू शकतो, यात विद्वानांचा वाटा जेवढा, तेवढाच गाठ नीट मारणाऱ्या अनाम हातांचा आहे.

मात्र ग्रंथ सुखरूप राहिला आणि वाहणारा मोडून पडला, तर त्या बांधणीचा उपयोग काय? पायी चालणाऱ्यांनी याचाही विचार केला होता. आपल्याकडची पडशी पाहा. दोन्ही टोकांना पिशव्या असलेले ते वस्त्र खांद्यावर टाकले की अर्धे ओझे छातीशी आणि अर्धे पाठीशी येते. काशीची गंगा रामेश्वरास नेणारा कावडकरी तर तोलाचा आचार्यच. एका घागरीत थोडे पाणी अधिक झाले तरी त्याची चाल बिघडते. ओझे शरीराच्या मध्यरेषेजवळ आणि दोन्ही बाजूंना सारखे असावे, हा नियम त्यांना कोणी ग्रंथ वाचून शिकविला नव्हता. कोसन्‌कोस चाललेल्या पायांनी तो शिकविला होता.

आता माझ्या बधिर खांद्याला उत्तर सापडले. लॅपटॉप हे आजचे दप्तर आहे; त्यात वही, लेखणी, खलिता आणि कचेरी एकत्र नांदतात. त्यासाठी पिशवी निवडताना तंजावरचा रुमाल आणि वाटेवरची पडशी यांनाच विचारावे. रुमाल सांगतो की वेष्टन ऐवजाच्या मापाचे हवे. १५ इंची लॅपटॉप म्हणतात, तेव्हा ते माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे असते. म्हणून यंत्राची लांबी, रुंदी व जाडी स्वतः मोजावी आणि ते आत डुगडुगणार नाही असा कप्पा पाहावा. पोथीची फळी सांगते की कडा आणि तळ यांना अस्तराचे संरक्षण हवे, कारण पिशवी जमिनीवर टेकते तेव्हा पहिला आघात तेथेच होतो. पडशी सांगते की एका पट्ट्यापेक्षा दोन रुंद, मऊ पट्टे बरे. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा, आणि पिशवी कमरेखाली लोंबू नये. आणि कावडकरी सांगतो की लागेल तेवढेच भरावे. पिशवी मोठी असली की ती भरण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाचा दंड पाठीला भरावा लागतो.

हा दंड मुलांनीही पुष्कळ भरला आहे. ‘दप्तराचे ओझे’ हा शब्दप्रयोग आज प्रत्येक मराठी आईबापाला ठाऊक आहे. विख्यात कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत भाषण केले, ते राजकारणावर नव्हे, तर मुलांच्या पाठीवरील या ओझ्यावर. १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने आपल्या अहवालाला ‘ओझ्याविना शिक्षण’ अशा अर्थाचे नाव दिले. आणि २०२० च्या केंद्रीय धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असू नये असे सांगितले. मोठ्या माणसांनीही हे माप मनाशी धरण्यास हरकत नाही.

तरीही ओझ्याहून वाईट अशी एक गोष्ट आहे. आपल्या भाषेत ‘बासनात गुंडाळणे’ असे म्हणतात. बासन म्हणजे पोथ्या-चोपड्या बांधावयाचे फडकेच. पण एखादे काम बासनात गेले म्हणजे ते विसरले गेले. बांधणी उत्तम आणि गाठ सोडणारा कोणी नाही, अशी ही दशा आहे. तंजावरच्या मोडी कागदांवर ती पुरती आली नाही. तेथील तमिळ विद्यापीठाने त्यांपैकी काहींची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. आपल्या पूर्वजांचे कागद शेजारच्या भाषेत वाचले जावेत, हा आनंदाचा विषय आहे, आणि मोडी वाचणारे मराठी डोळे दिवसेंदिवस विरळ होत असताना थोडा लाजेचाही.

परतीच्या वाटेवर मी दोन पट्ट्यांची साधी पिशवी घेतली. लॅपटॉप पाठीशी बसला, खांदे मोकळे झाले, मान सरळ झाली. त्या लॅपटॉपमध्ये मोडीच्या बाराखडीचा एक तक्ता मी मुद्दाम ठेवला आहे. पुढच्या खेपेस तंजावरला जाईन, तेव्हा पाठीवरचे दप्तर हलके असावे आणि समोरच्या दप्तराची एखादी तरी ओळ मला वाचता यावी, एवढीच इच्छा आहे.