यात्राबंदीचा जमाखर्च

वणीला रंगनाथस्वामींची जत्रा व तिच्याबरोबर भरणारा बैलबाजार, कळंबला जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते तो चिंतामणी, केळापूरला नवरात्रातील जगदंबा, आणि पैनगंगेपलीकडे पूर्वीच्या निजामी मुलखात असलेले रेणुकेचे माहूर, या स्थानांच्या आश्रयाने यवतमाळ जिल्ह्यातील किती तरी कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पर्यटन हा व्यवसाय आपल्याकडे अलीकडे आला असे जे समजले जाते ते खरे नव्हे. चार दिवस घर सोडून परगावी जावे, देव पाहावा, बाजार करावा, मुलाबाळांना खाऊखेळणी घेऊन परतावे, हा व्यवहार येथे जुना आहे, आणि त्याला वेळोवेळी जो जबर तडाखा बसला तो दुष्काळाइतकाच रोगाच्या साथींनीही दिलेला आहे.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला तेव्हा हा जिल्हा अद्याप आजच्या नावाने ओळखला जात नव्हता. पुढे वणीवरून त्याला वणी जिल्हा म्हणत, आणि यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. त्या अव्वल अंमलात पटकी हा रोग यात्रेकरूंच्या पावलांनी पसरतो हा समज राज्यकर्त्यांच्या मनात दृढ होत चालला होता. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे निरनिराळ्या राष्ट्रांचे वैद्य व वकील जमले, तेव्हा हिंदुस्थानातील तीर्थयात्रांकडे त्यांनी बोट दाखविले, आणि पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर पटकीची साथ उत्तरेत पसरली, त्यामुळे त्या समजाला बळकटीच आली. वऱ्हाडातील भाविक ज्या पचमढीच्या महादेवाला शिवरात्रीस त्रिशूळ खांद्यावर घेऊन आजही जातात, त्या यात्रेतही त्याच दशकात पटकी उद्भवली आणि मध्यप्रांताच्या सरकारने ती काही काळ बंद केली. दूषित पाण्याच्या एकाच कुंडावर सहस्रावधी माणसे उतरत, तेव्हा रोग पसरे, हे नाकारण्याचे कारण नाही. मरीमायचा गाडा शिवेबाहेर लोटून देणारी गावेही संसर्गाचे भय आपल्या रीतीने ओळखून होती. प्रश्न इतकाच आहे, की मेळा मोडला म्हणजे त्याचा भार कोणावर पडत असे.

त्या काळच्या जिल्ह्याचे खरे धन कापूस होता, आणि मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मापाची आगगाडी १९०३ च्या सुमारास आली ती प्रामुख्याने त्याच्यासाठीच. कापसाची गाठ मात्र थांबू शकते. वखारीत महिना दोन महिने ती पडून राहिली तरी सावकार तिच्या तारणावर रक्कम देतो, आणि भाव चढला तर विलंबातही नफा होतो. जत्रेतल्या हलवायाने तळलेली जिलबी, माळणीची फुले, नावाड्याची पैनगंगेवरची खेप, कासाराने ऐन जत्रेसाठी उधारीवर आणलेला बांगड्यांचा माल, यांना दुसरा दिवस नसतो. नावाड्याची आजची रिकामी खेप उद्या कोणी भरून देत नाही. साथीचा आघात सर्वांवर सारखा होतो असे म्हणणाऱ्यांनी हा भेद लक्षात घेतलेला नाही, आणि माझ्या मते साथींच्या अर्थव्यवहाराचे मर्म याच भेदात आहे.

बैलबाजाराकडे जरा जवळून पाहावे. दावणीला बांधलेल्या जोडीपुढे हेडी आणि शेतकरी उभे राहतात, दुपट्ट्याच्या किंवा रुमालाच्या आड एकमेकांची बोटे धरून भाव ठरतो, आसपासच्या माणसांस तो कळत नाही, दलालाची दलाली व पावतीचे पैसे चुकते होतात, आणि नव्या जोडीला वेसण, कासरा, गोंडे, घुंगुरमाळा घ्यायला मालक शेजारच्या पालांकडे वळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर जोडी मिळाली तर मृगाआधीची वखरणी होते. जत्रा मोडली तर तोच शेतकरी गावातल्या गावात चढ्या दराने, बहुधा कर्ज काढून, मिळेल तो बैल घेतो. विकणारा, ज्याच्याजवळ वैरण संपलेली आहे, पडेल त्या भावाने देऊन टाकतो. एका मनाईने घेणारा व विकणारा दोघेही बुडतात. अशा बाजारांना माणसांच्या रोगाइतकेच गुरांच्या बुळकांडीचेही भय असे. त्या रोगाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १८७१ साली अहवाल दिला, परंतु भारत त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर व्हायला २००६ साल उजाडले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान झाले, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. मुळात हा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. आगगाडीने अथवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, संशयितांस वेगळे ठेवावे, हे अधिकार त्याने सरकारला दिले. त्यांच्याच बळावर प्रवासी खाली उतरविले गेले व यात्रांवर निर्बंध आले. या कायद्यान्वये होणारा खर्च, आणि नुकसानभरपाई दिलीच तर तीही, कोणी व कशी सोसावी हे सरकारने ठरवावे, अशी त्यात तरतूद आहे. ‘दिलीच तर’ या दोन शब्दांत बांगडीवाल्याचे व नावाड्याचे भवितव्य सामावलेले होते.

१९१८ च्या शरदात मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, आली तेव्हा मनाईचे हुकूम काढायलाही अवसर राहिला नाही. मध्यप्रांत व वऱ्हाड हा तिने सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी होता. तिचा जोर ऐन सणांच्या दिवसांत होता. माणसेच अंथरुणाला खिळल्यावर यात्रेला जाणार कोण? वेचणीचा कापूसही शेतात उभा राहिला, आणि त्या एका प्रसंगी कापसाचा धनी व जत्रेतला फेरीवाला सारखेच हतबल झाले.

त्यानंतर शंभर वर्षांनी साथरोगांचा तोच कायदा पुन्हा पुढे आला. मार्च २०२० मध्ये यवतमाळला जे पहिले कोविड रुग्ण आढळले ते दुबईच्या सहलीहून परतलेले प्रवासी होते, आणि त्याच महिन्याच्या १३ तारखेस महाराष्ट्र शासनाने १८९७ चा कायदा लागू केला. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली, म्हणजे केळापूर व माहूर येथील त्या वर्षीचे नवरात्र भाविकांवाचून गेले. टिपेश्वर अभयारण्यातही सुन्ना, माथनी, कोदोरी या प्रवेशद्वारांवरील वाटाडे व जिप्सीचालक कामावाचून बसले. हा नवा, वाघाच्या दर्शनावर उभा राहिलेला धंदा त्या जिल्ह्यात नुकता कोठे जीव धरू लागला होता. गाडी कर्जाने घेतलेल्या चालकाला पर्यटक नसले तरी हप्ता चुकत नाही, हे कासाराच्या उधारीचेच नवे रूप होय. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला व यवतमाळ येथे पुन्हा निर्बंध आले. मंदिरे परत बंद होऊन उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी.

त्यातून सावरतो न सावरतो तोच सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगासाठी सारे राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून गुरांचे बाजार, जत्रा व शर्यती यांस मनाई झाली. या वेळी शासनाने मदतीचे दर जाहीर केले: दगावलेल्या दुभत्या जनावरास ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलास २५,००० व वासरास १६,०००. १८९७ च्या मानाने हे मोठे पाऊल होते, आणि ज्यांची गुरे गेली त्यांना त्याचा आधार मिळाला. ज्याचा बैल जिवंत राहिला पण बाजाराअभावी विकता आला नाही तो शेतकरी, भाव जुळविणारा दलाल आणि कासरे वळून ठेवलेला कारागीर यांना लागू होईल असा मात्र त्यात एकही दर नव्हता.