काळी, पांढरी आणि जमीन

इंग्रजींतील 'लँड' हा शब्द मोठ्या पोटाचा आहे. शेत म्हणजे लँड, देश म्हणजे लँड, आणि समुद्रावरून परतणाऱ्या खलाशाला दिसणारा किनारा, तोही लँडच. आपल्या भाषेनें हें काम अनेक शब्दांना वांटून दिलें आहे, व त्या वांटणींत गांवगाड्याचा इतिहास सांपडतो. बुलढाणा जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी तें ध्यानांत येईल.

कुणब्याच्या बोलींत पिकाची ती 'काळी' व वस्तीची ती 'पांढरी'. मलकापुराकडे पूर्णेच्या खोऱ्यांत काळी खोल आहे, घाटावर पुष्कळ ठिकाणीं ती उथळ आहे. पण नांव एकच, कारण तें नुसत्या रंगाचें नसून नात्याचें आहे. तिसरा शब्द 'वतन'. मूळ अर्थ मायदेश. मराठींत मात्र वंशपरंपरेचा अधिकार व त्याचें उत्पन्न. जिजाबाईंचे वडील लखूजी जाधव हे सिंदखेडचे देशमुख, म्हणजे अशाच वतनाचे धनी.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला व १८६० नंतर तेथें मुंबई इलाख्याच्या पद्धतीची पाहणी सुरू झाली. तिचा पाया गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापुरास घातला होता. तींत माती हातानें मापली व आण्यांनीं तोलली: पावणेदोन हात खोल उत्तम काळी सोळा आणे, चुनखडी, वाळू, उतार असे दोष आढळले कीं प्रत उतरे. शेतास नंबर मिळाला, आणि धारा भरणाऱ्या खातेदारास तें विकण्याची वा गहाण टाकण्याची मोकळीक मिळाली. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) कापूस महागला, खामगांवची पेठ गजबजली. १८७० मध्यें तेथवर आगगाडीही पोंचली. सावकारास तारण हवेंच होतें, तें या नंबरांनीं पुरविलें. ज्या हक्कानें कुणब्यास निर्वेध केलें, त्याच हक्कानें त्याचें शेत बाजारांतही नेलें.

'जमीन' हा फारसी शब्द मराठींत जुनाच. परंतु मोजलेली, प्रत लावलेली, विकतां येणारी वस्तु हा त्याचा अर्थ येथें घट्ट झाला. म्हणून जुने कागद इंग्रजींत उतरवितांना सर्वत्र 'लँड' लिहून भागत नाहीं. काळी कसण्याचा हक्क, पांढरींतील घराची जागा आणि वतनाचा मान यांपैकीं कोणाचें काय गेलें, हें त्या एका शब्दाखालीं झांकून जातें. आणि इतिहासाला विचारावयाचें असतें तें नेमकें हेंच.