दिवेलागण ते निजानीज : किनवटकडील घरांची संध्याकाळ

वसंतातील व्याख्याने संध्याकाळी होतात. ज्या वेळेविषयी आम्ही बोलणार, तीच वेळ श्रोत्यांकडून आधी काढून घ्यायची आणि मग तिच्याविषयी बोलायचे, असा हा प्रकार आहे. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांची लहान मुले या घटकेला आजीपाशी, शेजारी किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर असतील. त्यांची क्षमा मागूनच आम्ही आरंभ करतो.

इतिहासात संध्याकाळीला जागा नाही. लढाया दिवसा होतात, तह दिवसा होतात, खलिते दिवसा लिहिले जातात. दिवे लागल्यापासून पोरे निजेपर्यंत घरात काय चालले याचे दप्तर कोणी ठेवलेले नाही. तथापि एखाद्या भागात कोणती भाषा टिकली, हिशेब कोणाला आला आणि कोणाला आला नाही, याचा उलगडा पुष्कळदा त्या दोन-तीन तासांतच होतो, असे आमचे मत आहे. किनवटचे उदाहरण त्यासाठी घेण्याजोगे आहे.

किनवट पैनगंगेच्या काठचे. आज ते नांदेड जिल्ह्याचे टोक आहे; परंतु ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होते. आजही येथून नांदेडपेक्षा आदिलाबाद जवळ पडते. हा भाग इतका पूर्वेला आहे की मुंबईच्या सुमारे वीस मिनिटे आधी येथे सूर्य मावळतो. त्यात सागाचे जंगल आणि डोंगर. गुरे परतली की अंधार त्यांच्या पाठोपाठच दारात येई. रानाला लागून असलेल्या वस्त्यांत लेकरांना दिवेलागणीच्या आत घरात घेण्याची घाई असे, आणि ती केवळ दृष्ट लागू नये म्हणून नव्हे. वाघ-बिबट्यांचे भय खरेच होते.

आता या अंधारातला दिवा पाहू. रॉकेल खेडोपाडी पोचण्यापूर्वी करडईचे, जवसाचे, एरंडाचे आणि रानाकडे मोहाच्या बियांचे तेल जळत असे. पुढे रॉकेलची चिमणी आली आणि ज्यांना परवडे त्यांच्याकडे कंदील आला. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील हा स्वदेशीच्या अभिमानाचाही विषय होता. कंदिलाची काच राखेने पुसून लखलखीत करणे हे मुलांचे काम. ज्याचा हात लहान त्याचाच हात काचेत शिरतो, म्हणून ते धाकट्याकडे येई, आणि काच फुटली की मारही धाकट्यालाच बसे. तेल जपून वापरायचे असल्याने घरात दिवा एकच. चुलीपाशी जाळाचा उजेड पुरे. मग ओसरीतल्या त्या एका कंदिलाभोवती अख्खे घर बसे : हिशेब मांडणारे काका, वाती वळणारी आजी, सूप घेऊन तुरीची डाळ निवडणारी आत्या आणि पाठ म्हणणारी पोरे. हे काही कोणी मुद्दाम प्रेमाने जमवून आणलेले नव्हते. तेलाच्या काटकसरीने ते जमवले होते.

त्या उजेडात काय चाले? हातपाय धुवून शुभंकरोती, मग परवचा, मग पाढे, मग जेवण, आणि अंथरुणावर गोष्ट. गोष्ट मात्र अंधार पडल्यावरच. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, अशी समजूत होती. कामाच्या वेळी पोरांनी आजीला छळू नये म्हणून कोणा शहाण्या बाईने ती काढली असावी, असा आमचा संशय आहे.

येथवर जे सांगितले ते महाराष्ट्रात कोठेही लागू पडेल. किनवटचा वेगळेपणा पुढे आहे. निजामी राज्याची दरबारी भाषा १८८४ च्या सुमारास फार्सीची उर्दू झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणाचेही माध्यम उर्दू ठरले. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला थोडी जागा होती, पण वर चढावे तसतशी ती आक्रसत जाई. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगीचे लचांड. औरंगाबाद, गुलबर्गा, हैदराबाद येथे सरस्वती भुवन, नूतन विद्यालय, विवेकवर्धिनी अशा संस्थांनी तेही सोसून मराठी जगवली. परंतु आदिलाबाद जिल्ह्याच्या कोपऱ्यातल्या तालुक्याला अशी संस्था कोठून मिळणार? आठवड्याची सुट्टीसुद्धा शुक्रवारची. कचेरीत अर्ज उर्दूत, सनावळी फसली. १९५१ च्या शिरगणतीतही साऱ्या हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसे साक्षर निघाली नाहीत.

अशा स्थितीत मराठी घरातल्या पोराला मोडता-जोडता मराठी वाचता आले, ओव्या-अभंग समजले, हिशेब तोंडावर आला, तर ते कोठे आले? संध्याकाळी, कंदिलापाशी. दिवसाची शाळा सरकारची आणि संध्याकाळची घराची, अशी ही वाटणी होती. तिला कोणी चळवळ म्हटले नाही. माय भाकरी थापता थापता चुकलेला पाढा तेथूनच दुरुस्त करी. पुष्कळ ठिकाणी ती स्वतः निरक्षर असे, पण पाढे तिच्या कानांत बसलेले असत.

पाढ्यांवर आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण नव्या पिढीला ते निव्वळ घोकंपट्टी वाटतात. रुपयाचे सोळा आणे, शेराचे सोळा छटाक, मणाचे चाळीस शेर, अशा व्यवहारात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असल्याशिवाय बाजारात निभाव नव्हता. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे नावही सांगावे लागते. आमच्याकडे त्यात आणखी एक भर होती. निजामाचे नाणे हाली आणि इंग्रजी अमलातले कलदार. ढोबळ मानाने सात हाली म्हणजे सहा कलदार. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, म्हणजे वऱ्हाड. तेथे कलदारच चाले. कापूस, डिंक, मोह विकून आलेल्याला नदीच्या अलीकडे एक हिशेब आणि पलीकडे दुसरा करावा लागे. ज्याच्या घरी संध्याकाळी पाढे म्हटले जात तो नाडला जात नसे. ज्याच्या घरी म्हटले जात नसत, तो सावकाराच्या वहीवर मुकाट्याने अंगठा उठवी.

आणि अशी घरे पुष्कळ होती. किनवट म्हणजे केवळ मराठी घरे नव्हेत. मगरिबच्या अजानीनंतर कायदा घेऊन बसणारी मुसलमान घरांतील मुले होती. त्यांची शाळेची आणि घरची भाषा बरीचशी एक, एवढे सुख त्यांना होते. तेलुगू बोलणारी घरे होती. तांड्यांवर गोरमाटी, गुड्यांत गोंडी, पोडांत कोलामी. प्रधानांची किकरी आणि गोंडांच्या कुळांच्या कथा ही तर अख्ख्या रात्रीची विद्या. ती रोजची नव्हे, ठरल्या समारंभांची. पण तिच्यातली नावे आणि प्रसंग पोरांच्या कानांवर रोजच्या बोलण्यातून पडत राहत. या घरांत संध्याकाळी काय शिकवले जात होते? वाट, झाड, पाखरू, देव, नाते आणि या सगळ्यांची नावे.

याची दखल घेणारे थोडे होते. १९४० साली कोमरम भीमूच्या उठावानंतर निजाम सरकारला जाग आली. मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या देखरेखीखाली १९४३ साली मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक करण्याचा वर्ग निघाला आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. आमच्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी त्या जिल्ह्यात नोकरीवर असताना गोंडी आणि कोलामी दोन्ही भाषा शिकले आणि दोहोंची व्याकरणे त्यांनी लिहिली. शिवकालाचे इतिहासकार म्हणून पगडींना सारा महाराष्ट्र ओळखतो. कोलामीचे व्याकरणकार म्हणून त्यांना लातूरकर तरी ओळखतात काय?

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली. शाळा मराठी झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट नांदेड जिल्ह्यात आणि मुंबई राज्यात आले, आणि १९६० साली महाराष्ट्रात. याचा आनंद केवढा झाला असेल याची कल्पना ज्यांनी उर्दू अर्जनवीसाच्या पायऱ्या झिजवल्या त्यांनाच येईल. परंतु एक गोष्ट त्या आनंदात कोणाच्या ध्यानी आली नाही. दिवसाची शाळा मराठी झाल्यावर मराठी घराने संध्याकाळची शाळा हळूहळू बंद केली. तिची गरज राहिली नाही असे वाटले. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि पावकी-दिडकीचा पायाच निघाला. जे राहिले ते शाळेतल्या गुरुजींनी दिलेला गृहपाठ. म्हणजे घरात बसून केलेले शाळेचे काम. शब्दात 'गृह' आहे एवढेच.

मग वीज आली. विजेने उपकार केले नाहीत असे म्हणणारा कृतघ्न ठरेल. धुराने डोळे गमावलेल्या आयांच्या लेकी येथे बसल्या आहेत. पण खोल्या तितके दिवे झाले आणि कंदिलाचे वर्तुळ मोडले. आकाशवाणीने ते काही काळ पुन्हा जुळवले. १९६८ साली परभणी केंद्र निघाल्यावर तर आपल्या बोलीचा आवाज घरात येऊ लागला, आणि रेडिओ ऐकत भाकरी थापता येते, हा त्याचा मोठाच गुण. दूरदर्शन ऐंशीच्या दशकात पसरले, नव्वदीनंतर वाहिन्या आल्या आणि संध्याकाळी सातपासूनचा काळ मालिकांचा झाला. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने खेड्यांतली वीज तासन्‌तास जाई, तेव्हा लोक शिव्या देत ओसरीवर येऊन बसत, आणि बसले की बोलतही. आज मोबाइल आहे. तो कंदिलासारखा हातात धरता येतो, पण त्याचा उजेड एकाच्याच तोंडावर पडतो.

या सगळ्या बदलांत एक गोष्ट फारशी हललेली नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खपतात असे निघाले. घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. पूर्वीच्या संध्याकाळीचे गोडवे गाणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा आकडा पुढे ठेवूनच बोलावे. पोरांना पाढे म्हणायला लावणारा बाप ओसरीवर बसलेला असे आणि माय उठबस करीत असे.

आता जे सांगायचे त्यासाठीच एवढे मागचे सांगितले. उर्दू शाळेत मराठी पोराची जी गत होती, तीच मराठी शाळेत कोलामाच्या आणि गोंडाच्या पोराची झाली. बाईंचा पहिला प्रश्न त्याला कळत नाही. तो मंद ठरतो. आपल्या बापजाद्यांना जे सोसावे लागले ते आपण दुसऱ्यांना सोसायला लावले, आणि तेही न कळत. फरक एवढाच की आपल्याला संध्याकाळ होती. त्यांची संध्याकाळही उरली नाही. १९७२-७३ पासून महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळांची योजना सुरू झाली. आज अशा शाळा पाचशेच्या आसपास आहेत आणि अनुदानित त्याहून काही अधिक. किनवटला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयच आहे. सहा वर्षांचे मूल पोडातून उचलून वसतिगृहात येते. प्रार्थना, हजेरी, जेवणाची रांग, अभ्यासिका, दिवे बंद, असा तेथील संध्याकाळीचा क्रम.

आश्रमशाळेची निंदा करणे सोपे आहे, आणि आम्हाला ती करायची नाही. दोन वेळचे जेवण, वही, छप्पर तेथे मिळते; बाप-माय वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडावर गेलेले असतात तेव्हा घरी संध्याकाळ नावाची वस्तूच नसते. तेथून शिकून गेलेली माणसे कचेऱ्यांत बसलेली आम्ही पाहतो आणि आनंद मानतो. पण गोंडी-कोलामी जाणणारी एक बाई त्या अभ्यासिकेत बसवावी, तासभर तिने गोष्टी सांगाव्यात, एवढी योजना करायला पगडींची व्याकरणे छापून झाल्यावर सत्तर वर्षे पुरू नयेत, याचे नवल वाटते. २०२० चे शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी म्हणते. कोलामी बोलणारे शिरगणतीप्रमाणे सव्वा लाखाच्या आसपास आहेत. बाई मिळेल.

त्याच २०२० च्या मार्चात साथीमुळे वसतिगृहे बंद झाली आणि मुले घरी आली. मे महिन्याची सुट्टी सोडता त्यांतील कित्येकांना कळत्या वयात मिळालेल्या या पहिल्याच घरच्या संध्याकाळी. असे एक घर आम्ही पाहिले आहे. कुडाच्या भिंती, आढ्याला विजेचा एकच दिवा. सहावीतला मुलगा आजीशी मराठीत बोले आणि आजी कोलामीत उत्तर देई. जेवणे झाल्यावर तिने गोष्ट सुरू केली. मुलाने मध्येच थांबवून एका शब्दाचा अर्थ विचारला. आजीला त्याचा मराठी शब्द येईना. मग तिने दोन्ही हात पसरून, पंखांसारखे हलवून, तो पक्षी त्याला करून दाखवला.