पेठेचा झेंडा, जमातीचे नाव आणि फुटबॉलचे मैदान



आपल्या मोहोळात क्रिकेट आणि कुस्तीची चर्चा अधिक, फुटबॉलची कमी. परंतु आपल्याच महाराष्ट्रात कोल्हापूर असे शहर आहे, की जेथे सामन्याच्या दिवशी पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमकडे लोटतात. तेथील संघांची नावे पाहा : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या तालमींनीच तेथे फुटबॉल पोसला. म्हणून संघाचा समर्थक हा नुसता प्रेक्षक नसतो. तो त्या पेठेचा माणूस असतो. या तालमी धर्मावर उभ्या नाहीत. कित्येक तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. एका झेंड्याखाली दोन्ही समाजांची मुले ओरडतात, ही केवढी मोठी गोष्ट!

पण याच अभिमानाला दुसरी बाजूही आहे. पेठेचे प्रेम समोरच्या पेठेच्या द्वेषात उतरले, तेव्हा त्याच मैदानात हुल्लडबाजी झाली, दगड आले, सामने थांबवावे लागले आणि शिकत्या वयातील पोरांवर गुन्हे नोंदले गेले. धर्म एक असो वा दोन, भांडायला माणसाला नुसते नावही पुरते.

आता कलकत्त्याकडे वळू. १८९१ साली तेथे मोहामेडन स्पोर्टिंग क्लब स्थापन झाला. १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा हा पहिला भारतीय संघ ठरला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने ती जिंकली. १९४० साली ड्युरँड कप जिंकणारा पहिला भारतीय संघही हाच. शिक्षणात व नोकरीत मागे पडलेल्या समाजाला या विजयांनी मान ताठ करायला शिकविले. याच संघाचा मोहम्मद सलीम १९३६ साली स्कॉटलंडला गेला आणि पायाला पट्ट्या बांधून, अनवाणी, सेल्टिक क्लबकडून खेळला. सेल्टिक हा ग्लासगोतील गरीब आयरिश कॅथॉलिकांसाठी निघालेला क्लब. एका जमातीच्या क्लबाने दुसऱ्या जमातीच्या मुलाला आपले दार उघडले, हे ध्यानात ठेवा.

परंतु तो काळ जातीय राजकारण तापण्याचा होता. मैदानावरचा जयजयकार हळूहळू राजकारणात ओढला गेला. १९४७ च्या फाळणीने घरे तुटली, तसा या क्लबाचा आधारही तुटला. पुढे क्लबाने सर्व धर्मांच्या खेळाडूंना घेतले, आणि २०२४ साली त्याने आय-लीग जिंकली.

कलकत्त्यातील दुसरी चुरस मोहन बागान व ईस्ट बंगाल यांची. मूळचे पश्चिम बंगालचे आणि पूर्वेकडून आलेले निर्वासित, अशी. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात समर्थकांची मारामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ जण मरण पावले. सकाळी घरून आनंदाने निघालेली ती माणसे होती. मात्र याच शहरात ऑगस्ट २०२४ मध्ये, एका तरुण महिला डॉक्टरवरील अत्याचार व खुनाच्या निषेधार्थ, मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहामेडनचे समर्थक आपापले झेंडे घेऊन एकत्र रस्त्यावर उतरले. कोणी आपला झेंडा टाकला नाही. फक्त तो दुसऱ्यावर उगारला नाही.

पुन्हा कोल्हापुरात येऊ. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी तेथे मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. जमातीचे नाव त्यांनी कशासाठी वापरले? ज्याला दार बंद होते, त्याला आत आणण्यासाठी. आपल्या संस्थेचे नावही त्याच अर्थाने घ्यावयाचे आहे.

मुलांनो, संघ निवडा, झेंडा उंच धरा, घसा बसेपर्यंत ओरडा. पण सामना संपला की समोरच्या संघाच्या मुलाशी हस्तांदोलन करूनच घरी या. आणि पालकहो, मुलगा मैदानावरून परतल्यावर 'कोण जिंकले?' एवढेच विचारू नका. 'कोणाशी ओळख झाली?' हेही विचारा.