कुरणशाळा

शाळेचा इतिहास लिहायचा तर आपण आधी इमारत कधी बांधली ते विचारतो. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या शाळेची गोष्ट मात्र इमारतीपासून सुरू होत नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. त्याच वर्षी या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हे ध्यानात ठेवायला हवे. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ मध्ये सरकारने देशभरच्या योजनेसाठी तो उचलला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे अडचण निराळी. आदिवासींना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण खरा प्रश्न साधा होता. मुलगा वर्गात बसला तर गुरे कोण राखणार? मुलगी आली तर धाकट्या भावाला कोण सांभाळणार?

मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणल्या. धाकट्याला पाळणाघरात ठेवून बहीण शेजारी शिकू लागली. या रचनेला त्यांनी विकासवाडी म्हटले. गुराख्यांसाठी तर शिक्षकच गुरांमागे माळावर गेले. तीच कुरणशाळा. झाडाखाली पाटी, आणि नजर गुरांवर.