फासळ्यांवर भार नको : हैदराबादचं क्लोरोफॉर्म कमिशन

हैदराबादचा विषय निघाला की आपली मराठी मंडळी चारमिनार, रेसिडेन्सी आणि मुक्तिसंग्राम यांत रमतात. वैद्यकाचं नाव आलंच तर रोनाल्ड रॉस आणि सिकंदराबादचा डास. पण रॉसच्या शोधाच्या आठ वर्षं आधी याच शहरात एक वैद्यकीय वाद लढला गेला, तो फारसा कुणाला ठाऊक नाही. प्रश्न साधा होता. क्लोरोफॉर्म देताना माणूस दगावतो तेव्हा आधी काय थांबतं, श्वास की हृदय?

एडिंबरोच्या सिम्पसनने नोव्हेंबर 1847 मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आणला. लगेच जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाचं नख काढायच्या किरकोळ शस्त्रक्रियेत काही मिनिटांत गेली. तिथून दोन घराणी पडली. लंडनकडचे म्हणत, नाडीवरचं बोट काढू नका. एडिंबरोचे सर्जन साइम आणि त्यांचे चेले म्हणत, नाडी सोडा, श्वास बघा.

साइमचाच एक शिष्य एडवर्ड लॉरी हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन आणि इथल्या मेडिकल स्कूलचा प्रमुख होता. गुरूचं म्हणणं सिद्ध करायला त्याने 1888 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला की श्वासच आधी थांबतो. लंडनच्या ‘लॅन्सेट’ला ते पटलं नाही. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने हजार पौंड देऊ केले : तुमचा माणूस पाठवा, समोर बसून तपासा. (मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे त्या हजार पौंडांत परभणी-बीडच्या शेतसाऱ्याचाही वाटा धरायला हरकत नाही.) 1889 च्या शरद ऋतूत लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्रज्ञ आला आणि दुसरं कमिशन बसलं. कुत्री, माकडं, शेळ्या, घोडे मिळून चारशेहून अधिक प्राणी खर्ची पडले. रक्तदाब आणि श्वास यांच्या रेघा फिरत्या कागदावर उमटत होत्या.

हा वाद कळायचा तर छातीचा पिंजरा कसा चालतो ते बघायला हवं. मी यंत्रं शिकलेला माणूस, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. फुप्फुस स्वतः काहीच करत नाही, ते नुसती पिशवी. काम करतो तो पिंजरा आणि त्याचा तळ. फासळ्यांच्या 12 जोड्या मागे मणक्यांना जोडलेल्या. पुढे वरच्या सात थेट उरोस्थीला, पुढच्या तीन वरच्या फासळीच्या कूर्चेला चिकटलेल्या, शेवटच्या दोन मोकळ्या. फासळी मागून पुढे खाली उतरत येते. ती उचलली की वरच्या भागात छाती हातपंपाच्या दांड्यासारखी पुढे येते, आणि खालच्या भागात बादलीच्या कडीसारखी बाजूला फुगते. फासळ्यांमधल्या स्नायूंचे दोन थर एकमेकांना तिरपे छेदतात. बाहेरचा थर फासळ्या उचलतो आणि आतला खाली ओढतो, असं अठराव्या शतकात येनाच्या हॅम्बर्गरने लाकडी पट्ट्यांच्या चौकटीची भूमिती मांडून दाखवलं. हालरने ते मानलं नाही आणि दोघं वर्षानुवर्षं भांडले. मला विचाराल तर चौकट जरा जास्तच सोपी केलेली असली तरी हॅम्बर्गरचं गणित मोठ्या अंशी बरोबर होतं.

तळ म्हणजे श्वासपटल. घुमटासारखा स्नायू, कडा उरोस्थीच्या टोकाला, खालच्या सहा फासळ्यांना आणि कमरेच्या मणक्यांना बांधलेल्या, मध्ये पातळ पण चिवट पडदा. आकुंचन पावला की घुमट सपाट होतो, पोट पुढे येतं, हवा आत. शांत श्वासात मोठा वाटा याचाच. गंमत अशी की याची नस येते मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मुळांतून. म्हणून मानेत त्याखाली मज्जारज्जू तुटला तर फासळ्या थांबतात, पण पटल चालू राहतं. जनावरांवर हे दुसऱ्या शतकात गॅलेनने पाहिलं होतं. गुंगी खोल जाते तेव्हाही क्रम तोच : आधी फासळ्यांचे स्नायू ढिले पडतात, पटल शेवटपर्यंत एकटं ओढतं. पोट वर येतं, छाती आत बसते. जाणत्याला हा इशारा पुरतो.

कमिशनच्या व्यवहारी सूचना वाचताना मी थांबलो ते इथेच. मान, छाती, पोट यांवर घट्ट कपडा नको. रोगी कितीही झटापट करो, कुणीही त्याच्या छातीवर किंवा पोटावर भार टाकायचा नाही. धरायचं तर खांदे, कंबरेचं हाड किंवा पाय धरा. दांडगे मदतनीस रोग्याच्या छातीवरच रेलत असतील, तर पंपाचा दांडा आणि तळ दोन्ही अडलेच की! अफजलगंजच्या इस्पितळात लॉरीचे विद्यार्थी याच शिस्तीत तयार झाले. त्यांतल्या रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक.

मूळ निर्णय मात्र टिकला नाही. श्वास नेहमी आधी थांबतो, हृदयाला थेट धोका नाही, असं लॉरी शेवटपर्यंत म्हणत राहिला. 1893 मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी क्लोरोफॉर्म थेट हृदयालाही दुबळं करतो असं दाखवलं. 1911 मध्ये गुडमन लेव्हीने मांजरांवर उरलेलं कोडं सोडवलं. क्लोरोफॉर्म हलका असताना भीतीने किंवा वेदनेने अ‍ॅड्रेनलिन उसळलं, की हृदयाचे कप्पे नुसते थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही. हैदराबादच्या प्रयोगांत भर होता जादा मात्रेवर. तिथे श्वास आधी जातो, हे खरंच होतं. नखासाठी आलेली, आधीच घाबरलेली पोर कशी गेली, याचं उत्तर त्या रेघांत नव्हतं.

आपल्या शहराचा अभिमान म्हणून काही जण अजून ‘हैदराबादने लंडनला हरवलं’ असं लिहितात. ते लिहू नये. लॉरीवर विसंबून नाडी सोडणाऱ्यांचे काही रोगी त्या हट्टापायी गेले असणार. छातीवर न रेलण्याचा नियम मात्र आजही तसाच लागू आहे.