कुतच्या वेढ्यातून घरी परतलेले

आपल्या समाजाच्या लष्करी सेवेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहजच पराक्रमाकडे धावते. ते अस्वाभाविक नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि पूर्वीचा कुलाबा या जिल्ह्यांतील कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलगे पलटणीत धाडले, आणि त्या घरांतून पदकांची पेटी देव्हाऱ्याइतक्याच आदराने जपली जाते. साताऱ्याजवळील अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. त्याची साक्ष देणारा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. १९२१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स पुण्यास आले असता मराठा सैनिकांच्या स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली, तो समारंभ आपल्या वाडवडिलांनी अभिमानाने पाहिला. मेलेल्यांची अशी गणती झाली, शूरांना पदके मिळाली. परंतु जे जिवंत परत आले, आणि उंबरठा ओलांडून आत आल्यावरही ज्यांचे मन परमुलखातच अडकून राहिले, त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. त्यांच्याबरोबर संसार करणाऱ्या स्त्रियांचा तर नाहीच नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे एकच प्रकरण उघडण्याचा विचार आहे, ते म्हणजे मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाराच्या वेढ्याचे.

हेच प्रकरण निवडण्याचे कारण असे की, वेढ्यात सापडलेल्या सैन्याचे नावच मुळी सहावी पुणे डिव्हिजन असे होते. तीत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये सामील झाल्या. लॉर्ड रॉबर्ट्‌स यांच्या काळापासून सरकारी मताने दक्षिणेकडील शिपायाला दुय्यम लेखले होते. मेसोपोटेमियाच्या रणात मराठ्यांनी ते मत खोडून काढले, असे आपण नेहमी वाचतो. ते खरेच आहे. ११७ व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ ही बहुमानाची पदवी मिळाली. पण ही कीर्ती ज्या माणसांच्या अंगावरून गेली, त्यांचे काय झाले ते पाहू.

१९१४ च्या नोव्हेंबरात बसरा सर झाल्यावर ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत गेली. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे घनघोर लढाई होऊन चार हजारांहून अधिक माणसे मेली अथवा जखमी झाली, आणि जनरल टाउन्शेंड यांनी कुत या नदीच्या वळणावरील गावी माघार घेतली. डिसेंबरच्या आरंभी तुर्कांचा वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत उठला नाही. वेढा फोडण्यासाठी बाहेरून आलेल्या सैन्याचे सुमारे २३ हजार लोक मृत व जखमी झाले, तरी वाट मोकळी झाली नाही. आतील माणसांच्या अन्नाचे माप घटत घटत अखेर दिवसाला चार-पाच औंस भाकरीवर आले. विमानांतून धान्याची पोती टाकण्याचा प्रयोग झाला, पण तो तोकडा पडला. शिपाई काठावरचा पाला व गवत खुडून शिजवू लागले.

आता जी गोष्ट सांगावयाची ती ज्ञातीच्या स्मरणिकेत सांगणे अगत्याचे आहे. उपासमार टाळण्यासाठी छावणीतील घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्याचा हुकूम झाला. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले, हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे नाकारले. परिणाम वैद्यांच्या नोंदींत स्पष्ट दिसतो. पांढऱ्या मैद्यावर राहिलेल्या गोऱ्यांना बेरीबेरी झाली. मांस व भाजीपाला या दोहोंनाही मुकलेल्या हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उकलल्या. टाउन्शेंड यांनी हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुमती बिनतारी संदेशाने मागविली. ती आली, तरीही हात पुढे होईनात. एप्रिलच्या मध्यास, शरीर पार खचल्यावर, हजारो शिपायांनी ते मांस तोंडात घातले.

धर्मगुरूंची परवानगी असूनही शिपाई का अडला? त्या काळच्या वृत्तांतांत जे कारण येते ते धर्मशास्त्राचे नाही. गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, आपल्या घराशी सोयरीक कोण करील, मुलीला स्थळ कसे मिळेल, ही ती चिंता होती. म्हणजे तुर्कांच्या तोफांखाली, पोटात अन्नाचा कण नसताना, त्या माणसाला गोताची धास्ती होती. तैग्रिसच्या काठी बसून तो आपल्या गावच्या जातपंचायतीपुढे उभा होता असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. ते भय आपण निर्माण केलेले होते. तुर्कांविषयी, इंग्रज सेनापतींच्या चुकांविषयी लिहिताना आपली लेखणी कचरत नाही. तेव्हा हेही त्याच शाईने लिहिले पाहिजे. माणसाला वाळीत टाकण्याच्या त्या अधिकाराला महाराष्ट्र राज्याने २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे, परंतु कुतच्या शिपायाला त्याचा काय उपयोग!

शरणागतीच्या वेळी सैनिक व सेवक मिळून सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. सेनापती टाउन्शेंड यांची रवानगी कॉन्स्टँटिनोपलनजीकच्या बेटावर होऊन तेथे त्यांना सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना सामऱ्यापासून पुढे तिक्रीत, मोसूल, निसिबिन या मार्गाने वाळवंटातून पायी हाकीत नेण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. बंगाली रुग्णसेवा पथकातील शिशिर सर्वाधिकारी हे या कैदेतून वाचले. चोरून राखलेल्या टिपणांवरून त्यांनी १९५७ साली ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला त्या छावण्यांतील जीवन थोडेफार कळते. मराठीत तशा तोडीचे एकही पुस्तक निघाले नाही. आपला शिपाई बहुधा निरक्षर होता हे एक कारण. त्याला कोणी विचारले नाही हे दुसरे, आणि मला वाटते तेच मोठे. हिंदी सैनिकांपैकी अडीच ते तीन हजार कैदेत मेले अथवा बेपत्ता झाले. नेमका आकडा सांगता येत नाही, कारण हिंदी शिपायांच्या याद्याच धड ठेवल्या गेल्या नाहीत.

‘बेपत्ता’ हा शब्द कागदावर लहान दिसतो. ज्या घरी नवरा मेला असे निश्चित कळले, तेथे रडून का होईना, पुढची वाट ठरे. जेथे काहीच कळत नव्हते, तेथील स्त्रीने कपाळी कुंकू लावावे की पुसावे? ज्या घराण्यांत पाट लावण्याची चाल होती, तेथे दोन-तीन वर्षांनी दिराशी वा अन्य कोणाशी पाट लावावा, तर कैदेतला माणूस उद्या दारात उभा राहिला म्हणजे काय? जेथे ती चाल नव्हती, तेथे ती ना सुवासिनी ना विधवा अशी सासरच्या दारी राबत राहिली असणार. हे प्रश्न कोणत्याही लष्करी इतिहासाच्या सूचीत सापडावयाचे नाहीत.

३० ऑक्टोबर १९१८ रोजी तुर्कस्थानाशी तहकुबी झाली आणि उरलेले कैदी त्या हिवाळ्यापासून परतू लागले. ते कोणत्या मुलखात परतले हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. जूनमध्ये मुंबई बंदरी उतरलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरात खेड्यापाड्यांतून फिरला आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे घेऊन गेला. ज्या घराच्या आठवणीवर कैद्याने अडीच वर्षे काढली, त्या घरात कित्येकदा आई नव्हती, बायको नव्हती किंवा मूल नव्हते. मरणातून सुटून आलेला माणूस दुसऱ्या मरणाच्या दारात आला.

अशा माणसाच्या मनाला काय होते, याला आज वैद्यकात नाव आहे. रात्री किंचाळून उठणे, दार वाजताच अंग शहारणे, बारीकसारीक कारणावरून संतापणे, दिवसचे दिवस न बोलणे, व्यसन, आप्तांच्या जिव्हाळ्यातही परकेपणा. या लक्षणसमूहाला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, आणि अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात तो १९८० साली समाविष्ट झाला. त्यापूर्वी, १९१५ च्या फेब्रुवारीत, डॉ. चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला होता. ब्रिटनमध्ये १९२१ च्या सुमारास सुमारे ६५ हजार माजी सैनिक अशा मज्जाविकारांसाठी निवृत्तिवेतन घेत होते. हिंदी शिपायाच्या वाट्याला तो शब्द क्वचितच आला. लढवय्या जातीच्या मनाला असले काही होत नाही अशी एक समजूत होती, आणि झालेच तर ते ढोंग असावे असा संशय होता. फ्रान्सच्या आघाडीवरून हाताला गोळी लागलेले हिंदी शिपाई पुष्कळ येऊ लागले, तेव्हा हे स्वतःच जखम करून घेतात अशी कुजबुज झाली. ब्राइटन येथील हिंदी रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ साली एक हजार जखमा तपासून त्या संशयाला आधार नसल्याचे वरिष्ठांस कळविले. तो अहवाल गुप्त राहिला. संशय मात्र गुप्त राहिला नव्हता.

तुटलेल्या हातापायाची किंमत सरकारी कागदावर ठरत असे. भंगलेल्या मनाचा सारा भार घरावर पडे. रत्नागिरीस १८८६ पासून आणि ठाण्यास १९०१ पासून मनोरुग्णालये होती खरी, पण त्यांना सारेजण वेड्यांचे इस्पितळ म्हणत आणि तेथे माणूस धाडणे म्हणजे घराण्याला डाग. मग देवऋषी, उतारा, अंगारा. फार झाले तर नरसोबाची वाडी किंवा गाणगापूर. आजचे सुशिक्षित या गोष्टींना हसतात. मला तसे हसवत नाही. दत्ताच्या पालखीपुढे चारचौघांत माणसाला मोठ्याने ओरडता येई, रडता येई, आणि बाधा झाली आहे म्हटल्यावर दोष त्याच्याकडे जात नसे. घरात आणि चावडीवर त्याला ती मुभा नव्हती. त्याने बरे वाटत असेल वा नसेल, पण दुसरे दारही कोठे होते? बाकीचे सारे त्या घरच्या बाईने निभावले. मुलांना ‘आवाज करू नका’ म्हणून तिने वाढविले, शेजारणीला ‘त्यांचा स्वभावच तापट’ असे सांगितले. वर्षानुवर्षे सांगून ते घरातल्यांनाही खरे वाटू लागले. आपल्याकडे ‘लष्करी शिस्तीचा माणूस’ म्हणून ज्या आजोबांची ख्याती असते, त्यांतील सर्वच शिस्तीमुळे अबोल होते काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरापुरता विचारावा.

या आघाताची झळ पुढील पिढीस लागते, हा केवळ भावनेचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात अत्यंत हालअपेष्टांच्या बंदिवासातून सुटलेल्या सैनिकांच्या वंशजांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. युद्धानंतर जन्मलेल्या त्यांच्या पुत्रांत, इतर सैनिकांच्या पुत्रांच्या तुलनेने, उतारवयातील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. कुतच्या कैद्यांच्या मुलानातवंडांचा असा हिशेब कोणी मांडलेला नाही.

याच संदर्भात महार बांधवांच्या १११ व्या पलटणीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९१७ साली उभारलेली ही पलटण १९२१ साली मोडली. परतलेल्या शिपायाला तेथे निदान पलटणीचाही आसरा उरला नाही, आणि गावाने त्याला पूर्वीच्याच जागी उभे केले.

दुसऱ्या महायुद्धात केरेन, टोब्रुक आणि इटलीतील रणांगणांवर मराठा पलटणी लढल्या. नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत धारातीर्थी पडले. १९४५ च्या एप्रिलात सेनियो नदीवर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला आणि ते १९८४ पर्यंत हयात होते. या दोन्ही वीरांविषयी आपल्या अंकांतून पूर्वी पुष्कळ आले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. टोब्रुकच्या पाडावात मराठा पलटण कैद झाली, त्या कैद्यांच्या घरांविषयी मात्र शोधूनही फारसे हाती लागत नाही. स्वातंत्र्योत्तर काळातील १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका आणि कारगिल येथून परतलेले सैनिक तर आपल्यातच वावरत आहेत. त्यांना आपल्या आजोबांपेक्षा अधिक दारे खुली आहेत. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे, २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरला आहे, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मार्गदर्शन मिळते.

बसरा येथील स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. तीत इंग्रज सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरलेली होती. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ आकड्याने दर्शविले गेले. १९९७ साली हे स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल मंडळाने २०२१ च्या अहवालात या पक्षपाताबद्दल जाहीर कबुली दिली, आणि नावे शोधण्याचे काम हाती घेतले.

मेलेल्यांची नावे ते शोधीत आहेत. परतलेल्यांची नोंद ठेवणारे कोणतेही मंडळ नाही. तेव्हा ज्या कुटुंबांत बसऱ्याच्या अथवा कोणत्याही लढाईहून परतलेल्या माणसाची आठवण सांगणारी वृद्ध मंडळी आहेत, त्यांनी पलटण, हुद्दा व पदक यांबरोबर तो माणूस घरी कसा राहिला, रात्री निजत असे की नाही, पानात भाकरी उरवीत असे काय, आणि त्याच्या उशाशी कोण बसत असे, हेही लिहून काढावे. नाव प्रसिद्ध न करण्याची इच्छा असल्यास तसे कळवावे. टिपणे दिवाळीपूर्वी स्मरणिकेच्या संपादकांकडे पोहोचली तर पुढील अंकात त्यांस जागा राखून ठेवता येईल.